वीस टक्क्यांच्या अलीकडे

एकलहऱ्याच्या पारावर गोष्टी सांगणारी माणसं पुष्कळ होती आणि त्यांच्या गोष्टी दर वर्षी थोड्या वाढायच्या. गोदावरीच्या पुरात वाहत आलेलं झाड एका पावसाळ्यात बाभळीचं असे, पुढच्या पावसाळ्यात त्याचा वड होई. आमच्या अण्णांची गोष्ट मात्र कधी बदलली नाही. सप्टेंबर १९६५. पंजाब. रात्रीची वेळ, ब्लॅकआऊट, गाडीचे दिवे बंद. मागे दारूगोळ्याच्या पेट्या. कालव्याच्या पुलाअलीकडे उजवं चाक खचलं, गाडी उजवीकडे कलंडली, उजवा पाय दरवाज्याखाली सापडला. काढेपर्यंत उजाडलं. आणि शेवटचं वाक्य ठरलेलं : “गाडी हुकमानं चालली व्हती. मी ड्यूटीवर व्हतो.”

अण्णा म्हणजे माझ्या आईचे वडील. लष्कराच्या सप्लाय कोअरमध्ये ड्रायव्हर होते. पारावरच्या मंडळींना त्यांची गोष्ट कोरडी वाटायची. तीत गोळी नाही, शत्रू नाही. चिखलात आडवी झालेली एक गाडी, बस. पण ती गोष्ट पारासाठी रचलेली नव्हतीच. ती पेन्शन ठरवणाऱ्या मेडिकल बोर्डापुढे सांगायची गोष्ट होती. बोर्डापुढे एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तर काय होतं, हे त्यांनी रांगेत बसलेल्या इतरांचं पाहिलं होतं. म्हणून तारखेसकट, हुकमासकट त्यांनी ती पाठ केली होती, आणि पुढे घरी, पारावर, नातवंडांनाही ते तीच सांगत राहिले. माणसाला स्वतःच्या आयुष्यातली एक रात्र जबानीसारखी जपावी लागते, याचं मला आजही वाईट वाटतं.

ते पाय ओढत गावी परतले तेव्हा आमच्या शिवारात वीजकेंद्राचं काम उभं राहत होतं. १९७० आणि १९७१ मध्ये पहिले दोन संच सुरू झाले, १९७९ ते १९८१ या काळात २१० मेगावॉटचे आणखी तीन. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांतले काही केंद्रात लागले, काही लागायची वाट पाहत राहिले. नाशिकरोडला तोफखान्याचं केंद्र, पलीकडे देवळालीचा कॅम्प. त्यामुळे फौजेतून उतरलेली माणसं आमच्या भागाला नवी नाहीत. त्यांतली बरीचशी कुठल्या ना कुठल्या गेटवर काठी घेऊन उभी दिसत. अण्णाही उभे राहिले. आठ तास, सगळा भार डाव्या पायावर देऊन. पाळी संपल्याचा भोंगा झाला की आजी दारात येऊन थांबे, कारण घरापर्यंतचा शेवटचा चढ त्यांना तिच्या खांद्याशिवाय चढवत नसे.

फौजेच्या अपंगत्व-पेन्शनचा पाया १९६१ च्या पेन्शन नियमावलीतला. तिच्या १७३ व्या नियमात दोन अटी होत्या. अपंगत्व नोकरीमुळे आलेलं हवं किंवा नोकरीने वाढवलेलं हवं. आणि ते २० टक्के किंवा त्याहून जास्त भरायला हवं. पैशाचेही दोन भाग : एक केलेल्या नोकरीचा, दुसरा गमावलेल्या अवयवाचा. फौजी माणसं हे सगळं तीन-चार शब्दांत बोलतात. ‘बोर्ड आऊट झाला’ (बोर्डाने अपात्र ठरवून घरी पाठवला), ‘अ‍ॅट्रिब्युटेबल (नोकरीमुळे आलेलं) धरलं’, ‘नाही धरलं’, ‘वीसच्या खाली आणलं’. गावात कुणाला दिवस गेले, कुणाची विहीर लागली, या बातम्यांच्या बरोबरीने हे शब्द आमच्या घरात फिरत.

अण्णांना आधी ३० टक्के धरले होते. पण त्या काळी टक्के एकदाच ठरून भागत नसे. काही वर्षांनी पुन्हा बोलावणं यायचं, पुन्हा तपासणी, पुन्हा नवा आकडा. बोलावण्याचा कागद आला की आजी त्यांचा जुना खाकी सदरा धुऊन ठेवी. अण्णा आदल्या रात्री जेवत नसत. एका खेपेला बोर्डाने गुडघा वाकवून पाहिला, चार पावलं चालायला लावलं आणि आकडा विसाच्या खाली आणला. पायाच्या नावाने मिळणारा भाग बंद झाला. पाय होता तसाच राहिला.

बोर्डाने जे विचारलं नाही ते आजीकडून ऐकायला मिळायचं. मांडी घालता येईना म्हणून हा माणूस भावकीतल्या एकाही पंगतीला बसला नाही. लग्नात तो मांडवाबाहेर उभा राहून पाहुण्यांना पाणी द्यायचा, म्हणजे बसायचा प्रश्नच नको. थंडीत पायात गोळे येत, तेव्हा आजी तव्यावर मीठ गरम करून फडक्यात बांधी आणि पहाटेपर्यंत शेकत राही. उरलेल्या दीड एकरात पाभरीमागे ती चालली, बैलांना दावं तिने लावलं, कांद्याच्या गोण्या तिने आणि माझ्या आईने उचलल्या. “पाय त्यांचा गेला, चालले मी,” असं ती एकदाच म्हणाली, तेही चुलीकडे तोंड करून. गुडघा किती अंश वाकतो हे मोजायला साधन असतं. त्या गुडघ्यापायी घरातलं दुसरं माणूस किती झिजलं, याचा रकाना कुठल्याच फॉर्मवर नसतो.

जखमेचं मोल ठरवणं ही काही इंग्रजांनी आणलेली गोष्ट नव्हे. सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीला कृष्णाजी अनंत सभासदाने शिवछत्रपतींची बखर लिहिली. अफझलखानाच्या युद्धानंतर जखमी झालेल्यांना जखम पाहून २५ पासून २०० होनांपर्यंत दिल्याचं तीत नोंदलेलं आहे. पडलेल्यांच्या मुलांना चाकरीत घेतलं, आणि ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांना निम्मं वेतन चालू ठेवलं, हेही आहे. १६५९ सालची ही गोष्ट मला फार जवळची वाटते. पाहणाऱ्याला घाव दिसत होता आणि तो घाव कुठून आला याची शंका घेण्याचं कारण नव्हतं. लहान फौज, ओळखीची माणसं, डोळ्यांदेखतची लढाई. फौज लाखोंची झाली, लढाई हजार कोसांवर गेली आणि मोल ठरवणारा माणूस टेबलामागे बसला, तसा घाव पाहण्याआधी कागद पाहायची पद्धत आली.

हजार कोसांवरच्या त्या लढाईची आमच्या घरातली गोष्ट ‘बसऱ्याची’ म्हणून ओळखली जाई. अण्णांचे एक चुलते पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात गेले होते. तिथल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. कूत-अल-अमाराच्या वेढ्यात उपासमार सोसून २९ एप्रिल १९१६ रोजी या सैन्याला शरण जावं लागलं, आणि कैदेच्या वाटचालीत असंख्य माणसं मेली. अण्णांचे चुलते त्या वेढ्यात नव्हते. त्यांना त्याआधीच जखमी म्हणून बोटीने परत पाठवलं होतं. उजव्या हाताची तीन बोटं नव्हती. आजीने त्यांना म्हातारपणी पाहिलेलं. दर महिन्याला ते पेन्शन आणायला नाशिकच्या तिजोरीकडे पायी जात आणि परतताना मुलांसाठी रेवड्या आणत, एवढंच तिला आठवे. सही करता येईना म्हणून डाव्या हाताचा अंगठा.

तशाच माणसांसाठी १९१७ मध्ये लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल निघालं. पुढे ते पुण्याजवळ खडकीला गेलं आणि अपंग सैनिकांना हातचं कसब शिकवत राहिलं. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र उभं राहिलं. १९७१ च्या युद्धानंतर मणका मोडून आलेल्या जवानांचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा १९७४ मध्ये खडकीलाच पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र सुरू झालं. लाकडी पाय, चाकाची खुर्ची आणि नवं काम, या तिन्ही गोष्टी जखमी भारतीय सैनिकाला बहुतेक वेळा महाराष्ट्राच्या मातीत मिळाल्या आहेत. पुण्याच्या रस्त्यांवरून रोज जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल, मला सांगता येत नाही. शाळेच्या पुस्तकात तरी मी कधी वाचलं नाही.

अण्णांच्याच युद्धात सांगलीकडच्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर जखमी झाले होते. गोळ्या लागल्या, एक मणक्यात अडकून राहिली, कमरेखालचं बळ गेलं. उपचार म्हणून त्यांना पोहायला सांगितलं. १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये सुवर्णपदक जिंकलं. पॅरालिम्पिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. पुण्याला टेल्कोत त्यांनी नोकरी केली. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. पदक जिंकलेल्या माणसाकडे देशाची नजर वळायला शेहेचाळीस वर्षं लागली. ज्याने काहीच जिंकलं नाही, फक्त दारूगोळा वेळेवर पोचवायला निघाला होता, त्याचा हिशेब आपणच करावा.

पेन्शनचं गणित गोळी लागलेल्याला आणि गाडीखाली सापडलेल्याला एकच नाही, आणि ते मला मान्य आहे. प्रत्यक्ष लढाईत जखमी होऊन बोर्ड आऊट झालेल्याला १०० टक्के अपंगत्वासाठी युद्धजखमेचा भाग शेवटच्या पगाराइतका मिळतो. नोकरीतल्या इतर अपंगत्वासाठी तोच भाग पगाराच्या ३० टक्के. शत्रूच्या तोंडी उभं राहिलेल्याला जास्त मिळावं यात अन्याय नाही. पण लढाई कुठे संपते? कारगिलमध्ये तोफ चालवलेले नायक दीपचंद आज नाशिककर आहेत. ते कारगिलहून धडधाकट परतले होते. पुढे ऑपरेशन पराक्रमच्या वेळी राजस्थानात दारूगोळ्याच्या स्फोटात त्यांचे दोन्ही पाय आणि एक हात गेला. त्या दिवशी समोर शत्रू नव्हता. ऑक्टोबर २०२४ मध्ये नाशिकच्या तोफखाना केंद्रात सरावाच्या वेळी गोळा फुटून दोन अग्निवीर मरण पावले, तेव्हाही नव्हता. फौजेत शरीर मोडायला शत्रूच लागतो असं नाही. अंधारातला कालवा पुरतो.

नियम नुसते वाचले तर कठोर नाहीत, हे मी कबूल करतो. १९८२ च्या नियमांतच लिहिलं होतं की दावा करणाऱ्याकडे पुरावा मागू नये आणि शंकेचा फायदा त्याला द्यावा. भरतीच्या वेळी ज्याला फौजेच्याच डॉक्टरांनी तपासून तंदुरुस्त म्हटलं, त्याच्या शरीरात पुढे काही मोडलं तर ते नोकरीत मोडलं असं धरून चालायचं. तसं नसेल तर ते दाखवायची जबाबदारी सरकारची. इतकं स्वच्छ लिहिलेलं असूनही ते अमलात आणायला सिपायाला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. १९९३ मध्ये माजी सॅपर मोहिंदर सिंग यांच्या खटल्यात न्यायालयाने सांगितलं की बोर्डाने ४० टक्के धरलेलं अपंगत्व हिशेब पाहणाऱ्या अधिकाऱ्याने माणसाला न तपासता खाली आणणं चालणार नाही. सिग्नल्समधले धरमवीर सिंग नऊ वर्षांच्या नोकरीनंतर फिट्सच्या आजाराने घरी पाठवले गेले, २० टक्के अपंगत्व धरून. आजाराचा नोकरीशी संबंध नाही असं बोर्डाने लिहिलं होतं. २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. संबंध नाही असं नुसतं लिहून भागत नाही, का नाही ते कारण द्यावं लागेल, हा त्या निकालाचा गाभा.

मला त्यातली एक गोष्ट सलते. धरमवीर सिंगांची नोकरी गेली १९९४ मध्ये. निकाल आला २०१३ मध्ये. एकोणीस वर्षं एका सिपायाने, आजार अंगावर घेऊन, देशाच्या सगळ्यात मोठ्या न्यायालयापर्यंत जायचं आणि तिथे जाऊन जे नियमात आधीपासून होतं तेच मिळवायचं. २००९ पासून सैन्य न्यायाधिकरण बसू लागलं, मुंबईतही त्याचं पीठ आहे, त्याने वाट थोडी जवळ केली. पण जिंकलेल्या सिपायाविरुद्ध सरकारची अपिलं होतच राहिली. राजबीर सिंग नावाने ओळखला जाणारा २०१५ चा निकाल अशाच अपिलांचा आहे.

२००१ च्या सुरुवातीला संरक्षण मंत्रालयाची पत्रं आली तेव्हा अण्णा हयात होते. पाचव्या वेतन आयोगानंतरच्या त्या पत्रांनी दोन मोठ्या गोष्टी केल्या. कायमच्या अपंगत्वासाठी पुन्हा पुन्हा बोर्डापुढे जाणं बंद झालं. आणि टक्क्यांची ओढाताण कमी व्हावी म्हणून ५० च्या खालचं अपंगत्व ५० धरायचं, ५० ते ७५ चं ७५, त्यावरचं १००, असं ठरलं. बोर्ड आऊट झालेल्यांना हे आधी मिळालं. पूर्ण नोकरी करून निवृत्त झालेल्यांनाही ते मिळायला हवं हे राम अवतार खटल्यात १० डिसेंबर २०१४ रोजी ठरलं. पण या सगळ्याला आधी वीस टक्क्यांचा उंबरा ओलांडलेला हवा. एकोणीसवाल्याला काहीच नाही, विसवाल्याला पन्नास. एका टक्क्याचं अंतर किती मोठं असू शकतं, हे मामाने वर्तमानपत्र वाचून दाखवलं तेव्हा अण्णांना लगेच कळलं. ते फक्त म्हणाले, “कागद काढ.”

ट्रंकेत डिस्चार्ज बुक निघालं, रक्षा मेडल निघालं, बोर्डाचे दोन पिवळे कागद निघाले. अपघाताचा रिपोर्ट निघाला नाही. अण्णांना त्याची प्रत कधी मिळालीच नव्हती. ती मागायची असते हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मामाने अर्ज लिहिला. अण्णांनी गोष्ट सांगितली, त्याच शब्दांत, पुलाअलीकडच्या उजव्या चाकापासून ड्यूटीपर्यंत, आणि मामाने ती उतरवून घेतली. उत्तर आलं की मुदत उलटल्यामुळे जुन्या नोंदी नष्ट करण्यात आल्या आहेत. हुकूम देणारे साहेब केव्हाच वारले होते. त्या रात्रीचा दुसरा साक्षीदार नव्हता. कार्यालयाने आपली आठवण नियमाने पुसून टाकली होती, आणि ज्याची आठवण एका अक्षरानेही हलली नव्हती त्याच्याकडे मात्र पुरावा नाही असं ठरलं. याच जागी मला वाटतं की शंकेचा फायदा हा दयेचा भाग नाही. नोंदी ठेवायचं काम ज्याचं, नोंद हरवल्याचा तोटाही त्याचाच असला पाहिजे. अण्णा त्यानंतर फार जगले नाहीत.

दुसरी बाजूही आहे. निवृत्तीच्या उंबरठ्यावर रक्तदाब, मधुमेह दाखवून अपंगत्वाचा भाग मिळवणारे आहेत, त्यांत वरच्या हुद्द्याचे पुष्कळ आहेत, अशी तक्रार अनेक वर्षं होत होती. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेले नवे नियम त्यावर उपाय म्हणून मांडले गेले. त्यांत नोकरीत राहून निवृत्त होणाऱ्यांच्या बाबतीत शब्दही बदलला, अपंगत्वाचा भाग आता ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ झाला. लबाडी थांबावी, यात दुमत नाही. पण नियम आवळला की त्याचा काच सगळ्यांत आधी त्याला लागतो ज्याला इंग्रजी फॉर्म वाचता येत नाही, ज्याचा वकील नाही आणि ज्याची बायको गावात बैलामागे चालते आहे. सियाचीनच्या चौकीवर वाढलेला रक्तदाब आणि कार्यालयात वाढलेला रक्तदाब यांतला फरक कागदावर सिद्ध करायचा कुणी, हा प्रश्न पुन्हा तिथेच येऊन थांबतो.

काहींना तर फौजीच मानलेलं नाही. खडकवासल्याच्या एनडीएत किंवा पुढच्या अकादमीत प्रशिक्षण घेताना मणका मोडलेला कॅडेट अजून कमिशन न मिळाल्यामुळे माजी सैनिक ठरत नाही. त्याला पेन्शन नव्हे, दरमहा सानुग्रह रक्कम मिळते. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्तमानपत्रातली बातमी वाचून स्वतःहून ही बाब हाती घेतली. अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा, आईबापांच्या हातांवर आयुष्य काढणारा. आईबाप म्हातारे झाल्यावर त्याला उचलायचं कुणी?

आता आमच्या भागातली मुलं भरतीसाठी पळतात ती अग्निवीर व्हायला. चार वर्षांची नोकरी. नोकरीमुळे अपंगत्व आलं तर ते १००, ७५ किंवा ५० टक्के धरून अनुक्रमे ४४, २५ किंवा १५ लाख एकरकमी मिळतात. महिन्याची पेन्शन नाही. वीस वर्षांच्या मुलाला पंधरा लाख ही रक्कम डोळे दिपवणारी वाटते. अण्णा परतले तेव्हा पस्तिशीही गाठली नव्हती त्यांनी, आणि तो पाय घेऊन ते पुढे जवळजवळ चाळीस वर्षं जगले. पंधरा लाखांना चाळीस वर्षांनी भागून पाहायला मुलांना वेळ नसतो; ती पहाटे साडेचारला वीजकेंद्राच्या कॉलनीच्या रस्त्यावर सोळाशे मीटरची वेळ मोजत असतात.

त्यांना पळवणारे एक निवृत्त हवालदार आहेत, तोफखान्यातले. धावणं झालं की ते मुलांना घाम पुसेपर्यंत बसवतात आणि शारीरिक चाचणीत न येणारी माहिती देतात. मागच्या थंडीत मी तिथे उभा होतो. ते म्हणाले, “लागलं तर लपवायचं नाही. आपली पोरं लपवतात, मेडिकल कॅटेगरी खाली जाईल म्हणून. त्याच दिवशी एमआय रूमला, युनिटच्या दवाखान्यात, जायचं. इंज्युरी रिपोर्ट लिहून घ्यायचा. तारीख, वेळ, कुणाच्या हुकमावर काय काम चाललं होतं, सगळं त्यात आलं पाहिजे. साक्षीदार म्हणून दोघांची नावं. आणि एक फोटोकॉपी घरी.”

एका मुलाने विचारलं, “सर, सुट्टीवर घरी येताना अपघात झाला तर?”

“घरी येतानाचा आणि परत जातानाचा प्रवास ड्यूटीत धरतात. पण रेल्वेचं वॉरंट आणि सुट्टीचा कागद फेकायचा नाही. पोलिसांत नोंद करायची, आणि युनिटला त्याच दिवशी कळवायचं.”

“आणि युनिटचा फोन लागला नाही तर?”

“तार आता बंद झाली. मेसेज टाकायचा, आणि तो पुसायचा नाही.”